पॅरिसचा म्युझियम पास : वसुली कशाची?

युरोपची सहल ठरली, व्हिसाचे कागद गेले, हॉटेलं आरक्षित झाली की घरातल्या कुणातरी एकाच्या अंगावर तिकिटांचं काम येतं. विमानाचं आणि रेल्वेचं तिकीट काढणं त्या मानाने सोपं; कुठून कुठे आणि कधी जायचं हे आधीच ठरलेलं असतं. गाडी अडते ती संग्रहालयांपाशी. पॅरिसचंच बघा. लूव्रचं तिकीट वेगळं, ऑर्सेचं वेगळं, मोनेची कमळं असलेल्या ओरांजरीचं वेगळं, सँत-शापेल आणि व्हर्साय आणखी वेगळी. या सगळ्यांच्या शेजारी ‘पॅरिस म्युझियम पास’ नावाची एक चीज उभी असते: दोन, चार किंवा सहा दिवस, पन्नासेक ठिकाणं, रक्कम एकच. आपण हिशेबी माणसं. लगेच सुट्या तिकिटांची बेरीज मांडतो, खाली पासची किंमत लिहितो आणि वजाबाकी करतो. ही वजाबाकी बऱ्याचदा पासच्या बाजूने येते, आणि तरीही पॅरिसला पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांनी पास घेऊ नये असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्याआधी त्या वजाबाकीला तिचं माप द्यायला हवं.

२०२४ सालचे दर घेऊ. ते वर्ष संपलेलं असल्यामुळे आकडे आता हलणार नाहीत. त्या वर्षी पास दोन दिवसांचा ६२ युरो, चार दिवसांचा ७७ आणि सहा दिवसांचा ९२ होता. सुटी तिकिटं अशी: लूव्र २२, ऑर्से १६, ओरांजरी साडेबारा, सँत-शापेल १३, व्हर्सायचा राजवाडा २१, रोदँचं संग्रहालय १४. पहिल्या चारांची बेरीज साडेत्रेसष्ट. म्हणजे दोन दिवसांत चार ठिकाणं पळतपळत उरकली तर दीड युरो वाचला. चार दिवसांचा पास घेतला आणि त्यात व्हर्साय घातलं तर बेरीज साडेचौऱ्याऐंशीवर जाते. साडेसात युरो वाचले, पॅरिसमधल्या एका सँडविचचे पैसे. सहाव्या ठिकाणापासून पुढे मात्र सगळं फुकट, आणि पासची खरी मोहिनी त्या ‘पुढे सगळं फुकट’मध्ये आहे. त्यानंतर पासही महागला आणि तिकिटंही, त्यामुळे जाणाऱ्याने ताजे दर पाहावेतच. पण बसवणूक बदललेली नाही: उत्साही पर्यटकाने मोठी चार-पाच ठिकाणं केली की पास जेमतेम फिटतो.

हा जेमतेमपणा योगायोगाने येत नाही. अनेक वस्तूंचा एकच गठ्ठा करून विकण्यामागचं गणित जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका छोट्या टिपणात मांडलं. त्याच्यापुढे प्रश्न सिनेमांचा होता. अमेरिकेतल्या वितरक कंपन्या टीव्ही केंद्रांना ‘गॉन विथ द विंड’सारखा गाजलेला चित्रपट एकटा देत नसत, सोबत एखादा पडेल चित्रपट घ्यायलाच लावत. असं का, तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या लेखी वस्तूंची किंमत वेगवेगळी असते आणि गठ्ठ्यात तो फरक बुजून जातो. आपल्या विषयात हे असं दिसेल. समजा एका पर्यटकाच्या मते लूव्रची किंमत ३० युरो आणि रोदँची ५, तर दुसऱ्याच्या मते लूव्र २० आणि रोदँ १५. तिकिटं सुटी विकली तर विक्रेत्याला जास्तीत जास्त ५५ युरो मिळतात: लूव्र २० ला दोघांना आणि रोदँ १५ ला एकाला. पण दोन्हींचा मिळून ३५ युरोंचा पास केला तर दोघेही तो घेतात आणि गल्ल्यात ७० पडतात. यात लबाडी काही नाही. दोघेही आपखुशीने पैसे देतात. फक्त ज्याला रोदँ पाच युरोंचाच वाटत होता त्याच्याही खिशातून त्याच्या लूव्रप्रेमाची पूर्ण किंमत काढून घेतली गेली, एवढंच. पासवर छापलेला पन्नास ठिकाणांचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवलं की त्याचा दिपवणारा भाग गळून पडतो. त्या पन्नासांत आयफेल टॉवर नाही. नोत्र-दामच्या कॅथीड्रलमध्ये जायला मुळात पैसेच पडत नाहीत. आणि उरलेल्यांपैकी तीसेक नावं पहिल्यांदा जाणाऱ्याने ऐकलेलीही नसतात.

पण माझा मुख्य आक्षेप पैशांवर नाहीच. पासच्या हिशेबात प्रत्येक प्रवेशाला सारखीच किंमत धरलेली असते, जणू सकाळी दहाला पाहिलेलं संग्रहालय आणि संध्याकाळी पाचला पाहिलेलं तिसरं संग्रहालय एकच. तसं नसतं, हे शंभर वर्षांपूर्वीच लोकांच्या लक्षात आलं होतं. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयी थकवा’ या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका धडधाकट, उत्तम नजर असलेल्या माणसाला काचपेट्यांतल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. फोटोत तो माणूस कुठे कमरेत वाकलेला, कुठे उकिडवा, कुठे मान तिरकी करून पाटी वाचणारा दिसतो. गिलमन यांचा रोख मांडणीच्या दोषांवर होता. पण थकवा नुसत्या पाठीचा आणि पायांचा नसतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फ्लोरिडातल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी पाहुण्यांच्या मागे राहून निरीक्षण केलं. पहिला अर्धा तास लोक एकेक गोष्ट लक्षपूर्वक पाहत होते. पुढे लक्ष उतरत गेलं आणि ते दालनांतून नुसते तरंगत चालले, एखाद्याच वस्तूपाशी थबकत. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली पाहणी तर आपल्या सगळ्यांनाच लागू पडावी: सहा नामवंत चित्रांसमोर लोक सरासरी २७ सेकंद थांबले, आणि मधला आकडा काढला तर निम्मे लोक १७ सेकंदांच्या आत पुढे सरकले. आता लूव्र. तिथे मांडलेल्या वस्तू सुमारे ३५,०००. प्रत्येकीला सतरा सेकंद दिले आणि मधलं चालणं शून्य धरलं तरी १६५ तास लागतात; रोज नऊ तास उभं राहिलात तर अठरा दिवस. लूव्र ‘करून येतो’ म्हणणाऱ्याने नेमकं काय केलं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्याने बहुतेक वेळा एकच गोष्ट केलेली असते. दिवसाला सुमारे वीस हजार माणसं मोनालिसा पाहायला येतात. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. जाड काचेमागे, कठड्यापलीकडे. समोर हात वर करून धरलेले मोबाइल. रांग सरकत राहते, आपली पाळी येते, फोटो निघतो आणि मागून येणारा खांदा आपल्याला बाजूला करतो. त्याच दालनात, अगदी समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेसेचं ‘काना गावातलं लग्न’ टांगलेलं आहे: पावणेसात मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. १५६३ मध्ये व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी ते रंगवलं गेलं, आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून फ्रान्सला आणलं. त्यात शंभरावर माणसं जेवायला बसली आहेत, वाढपी धावताहेत, वादक वाजवताहेत, कुत्री खाली बसली आहेत. मोनालिसाच्या रांगेतले जवळजवळ सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. दोष त्यांचा कमीच. ज्याच्या पासवर दुपारी दोनला ओरांजरी आणि साडेचारला सँत-शापेल लिहिलेलं आहे, तो मागे वळून शंभर माणसांच्या पंगतीकडे बघणार कधी?

इथे पास आपल्या मनाशी काय करतो ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडकीवर आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत, म्हणजे १५ डॉलरला, तिकीट दिलं. काहींना दोन डॉलरची आणि काहींना सात डॉलरची सवलत दिली. कुणाला काय मिळेल हे निव्वळ नशिबावर होतं. नाटकं तीच, प्रेक्षकांची आवड साधारण सारखीच. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. म्हणजे गेलेले पैसे परत येणार नसले तरी ते आपल्याला पाठीमागून ढकलत राहतात. पास हे असं ढकलणारं यंत्र आहे. सुट्या तिकिटाने लूव्रमध्ये गेलेला माणूस तीन तासांनी दमला तर बाहेर पडून त्विलरीच्या बागेत खुर्चीवर पाय पसरतो. पासवाला त्याच क्षणी घड्याळ बघतो आणि हिशेब करतो की अजून दोन ठिकाणं झाली नाहीत तर पास अंगावर पडेल. बरं, आपण किती ठिकाणं करू हा आधीचा अंदाजही फुगलेला असतो. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या. दहा डॉलरला एक वेळ पडेल असं दहा वेळांचं तिकीट उपलब्ध असताना महिन्याची सरसकट फी भरणाऱ्यांना प्रत्येक भेट सतरा डॉलरहून महाग पडत होती, कारण ते ठरवल्यापेक्षा फारच कमी वेळा जात होते. घरी सोफ्यावर बसून पॅरिसची यादी करणारा माणूसही असाच उदार असतो. यादी करताना पाय दुखत नाहीत.

यावर पासचे समर्थक एक चांगला मुद्दा मांडतात, आणि तो सहज उडवून लावता येत नाही. त्यांचं म्हणणं, पासमुळे उलट मोकळीक मिळते. प्रत्येक पुढचा प्रवेश फुकट असल्याने वीस मिनिटांसाठीही कुठे डोकवावं, आवडलं नाही तर निघावं. सुटं तिकीट काढलेला मात्र सोळा युरो वसूल होईपर्यंत रेंगाळतो. तत्त्वतः हे बरोबर आहे. कोविडपूर्वीच्या पॅरिसमध्ये ते व्यवहारातही बऱ्यापैकी खरं होतं. आता अडचण वेळेच्या खिडकीची आहे. लूव्रने दिवसाची मर्यादा तीस हजारांवर आणली; पास असला तरी लूव्रची वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि तेच ओरांजरी, सँत-शापेल आणि व्हर्सायचं. ऑर्सेसारखे अपवाद आहेत, पण ज्या ठिकाणांमुळे पास परवडतो त्यांतल्या बहुतेकांना ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं. वेळ चुकली की फुकटाचा प्रवेशही हुकला. शिवाय पासवर प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं, त्यामुळे आज अर्धं, उद्या अर्धं ही चैन नाहीच. डोकावण्याची मोकळीक उरते ती लहान, कमी गर्दीच्या संग्रहालयांपुरती. आणि पॅरिसमध्ये डोकावायला पास लागत नाही अशीही पुष्कळ जागा आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

घड्याळाचा काच आणखी एका बाजूने बसतो. दोन दिवसांचा पास म्हणजे पहिल्या प्रवेशापासून सलग ४८ तास. लूव्र मंगळवारी बंद, ओरांजरीही मंगळवारी बंद. ऑर्से, रोदँ आणि व्हर्साय सोमवारी बंद. आपल्याकडे अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, त्यामुळे औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आठवड्याच्या सुरुवातीला जाणाऱ्यांची जी तारांबळ उडते तीच इथे उडते. समजा तुमच्या वाट्याला सोमवार आणि मंगळवार आले. सोमवारी लूव्र आणि ओरांजरी करणं भागच. मंगळवारी व्हर्साय आणि ऑर्से उरतात, आणि व्हर्साय एकटंच दिवस खातं. त्यातून लूव्र बंद असल्याने सगळं पॅरिस त्या दिवशी तिकडे लोटतं. संध्याकाळी सहाला बंद होणारं ऑर्से मग हातचं जातं, किंवा व्हर्सायच्या बागा न पाहताच परतावं लागतं. सुट्या तिकिटांना हा सलगपणा नाही. गुरुवारी ऑर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सहानंतरचं तिकीट स्वस्त मिळतं. २०२४ मध्ये ते १२ युरो होतं. दिवसभर शहरात भटकून, थोडं झोपून, ताज्या डोळ्यांनी गुरुवारी संध्याकाळी पाचव्या मजल्यावरच्या व्हॅन गॉखपाशी जाणं हा माझ्या मते पॅरिसमधला सगळ्यांत शहाणा सौदा आहे. पासच्या वजाबाकीत तो कुठेच दिसत नाही, कारण तिथे ताज्या डोळ्यांचा रकाना नाही.

माझ्या मतावरचा दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो अधिक भारी आहे. नागपूरहून, कोल्हापूरहून, पणजीहून आयुष्यात एकदा निघालेल्या माणसाला ‘दोनच संग्रहालयं बघ’ असं सांगणं बरं दिसत नाही. इतकी वर्षं पैसे साठवले, रजा जमवली, परत येणं होईल याची खात्री नाही. मग जमेल तेवढं पाहून का घेऊ नये? पण एकदाच जायचं आहे, हाच कमी पाहण्याच्या बाजूचा पुरावा आहे. पुन्हा येणाऱ्याला घाईत पाहिलेलं चित्र पुढच्या वेळी भरून काढता येतं. एकदाच येणाऱ्याला जे दिसलं तेवढंच. ओरांजरीतल्या दोन लंबवर्तुळाकार खोल्या घ्या. पहिलं महायुद्ध थांबल्यावर मोनेने फ्रान्सला देऊ केलेली कमळांची आठ विशाल चित्रं तिथे भिंतींना वळण घेत लावलेली आहेत. मोने गेला डिसेंबर १९२६ मध्ये आणि ती लोकांना खुली झाली मे १९२७ मध्ये. मध्ये बाक आहेत, वरून दिवसाचा उजेड येतो. तिथे पाऊण तास बसणारा आणि पाच मिनिटांत चक्कर मारणारा, दोघांनी तिकीट एकच काढलं. दोघांना सारखंच मिळालं असं कुणी म्हणणार नाही. साडेबारा युरोंत पाऊण तासाचं खरं पाहणं आणि बावीस युरोंत सतरा सेकंदांची मोनालिसा, असा हिशेब मांडला तर महाग काय ते आपोआप दिसतं.

रांगेचा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. ‘पासवाल्यांना रांग नाही’ ही जाहिरात अर्धीच खरी. तिकीट खिडकीची रांग टळते, पण ती ऑनलाइन काढलेल्या सुट्या तिकिटानेही टळते. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. मुलांचं तर विचारूच नका. लूव्र, ऑर्से, ओरांजरी, सँत-शापेल, व्हर्साय या सगळीकडे अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मूल कोणत्याही देशाचं असो. त्यांच्यासाठी शून्य युरोंचं तिकीट काढून वेळ तेवढी राखून ठेवायची, बरोबर पासपोर्ट ठेवायचा. तरी खासगी कंपन्यांच्या सिटी पासात मुलांचा वेगळा दर असतो आणि लोक तो भरतात, म्हणजे जे फुकट आहे त्याची किंमत मोजतात. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये शिकणारी मराठी मुलं आता घरोघरी आहेत. युरोपियन युनियनमध्ये राहण्याचा परवाना असलेल्या सव्वीस वर्षांखालच्यांनाही फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पैसे पडत नाहीत. भेटायला आलेल्या आईवडिलांनी तिघांचे पास काढण्याआधी एवढं पाहावं.

आणि आता ती फुकटची जागा. पॅरिस महापालिकेच्या संग्रहालयांतले कायमस्वरूपी संग्रह २००१ पासून मोफत आहेत. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला पेती पाले त्यात येतो. तिथे कूर्बे आहे, मोने आहे, सेझान आहे, आणि लूव्रमधली गर्दी नाही. मारे भागातलं कार्नावाले हे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय. जुन्या पॅरिसच्या दुकानांवरच्या पाट्यांनी, लोखंडी मांजरांनी, सोनेरी चाव्यांनी, लाकडी कात्र्यांनी भरलेलं एक अख्खं दालन तिथे आहे. ज्या काळात गिऱ्हाइकाला वाचता येत नसे त्या काळी दुकान ओळखायचं ते या चिन्हांवरून. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तची खाटही तिथेच आहे. इथे वीस मिनिटं डोकावावं, कंटाळा आला तर निघावं, उद्या पुन्हा यावं. पासचे समर्थक ज्या मोकळिकीबद्दल बोलतात ती इथे खरोखर आहे. लंडनने हाच विचार सगळ्या राष्ट्रीय संग्रहालयांसाठी केला. १ डिसेंबर २००१ पासून तिथली जी राष्ट्रीय संग्रहालयं पैसे घेत होती त्यांनीही प्रवेश मोफत केला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांच्याकडच्या भेटी दुपटीहून जास्त झाल्या. त्यामुळे लंडनला जाणाऱ्याने ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी कुठलाही पास घेण्याचं कारण नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं एक नातं आपल्याशीही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेराएक वर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या लंडनला गेल्या, बऱ्याचशा तिथल्या १८८५ च्या आगीत जळाल्या, आणि उरलेल्या या संग्रहालयाकडे आहेत.

मग पास कुणी घ्यावा? ज्याचा मुक्काम सलग आठवडाभर आहे, ज्याला चित्रकला, शिल्प किंवा वास्तुकला हा रोजचा विषय आहे, आणि ज्याला क्ल्यूनीचं मध्ययुगीन संग्रहालय, आशियाई कलेचं गिमे, पाँतेआँ अशी दुसऱ्या फळीतली ठिकाणं मनापासून पाहायची आहेत, त्याने सहा दिवसांचा जरूर घ्यावा. २०२४ च्या दराने चारवरून सहा दिवसांवर जायला फक्त पंधरा युरो जास्त पडत होते, म्हणजे पास जितका लांब तितका तो खरा स्वस्त. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला तर तो हवाच. दोन दिवसांचा पास मात्र मला कुणासाठीही योग्य वाटत नाही. घाईचे सगळे तोटे त्यात आहेत आणि फायदा दीड युरोचा.

राहता राहिला लूव्रचा नवा दर. १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिथलं तिकीट ३२ युरो झालं. आधी सगळ्यांनाच २२ होतं. व्हर्साय आणि सँत-शापेल यांनीही आपल्यासारख्यांसाठी वेगळा, चढा दर लावला. यावर भारतीय प्रवाशांनी रागावण्यात फारसा अर्थ नाही. अजिंठ्याला आपल्याकडून ४० रुपये घेतात आणि फ्रेंच पर्यटकाकडून ६००, म्हणजे पंधरापट; लूव्रने दीडपटीच्या आतच भागवलं आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या ३२ मुळे पासची बाजू बळकट होते का? कागदावर होते, कारण सुट्या तिकिटांची बेरीज दहा युरोंनी फुगते. पण तिकीट महाग झालं की वसुलीची घाईही तेवढीच वाढते, आणि संग्रहालयात ती घाईच नडते. गंमत अशी की खुद्द लूव्रलाच आता आपला गठ्ठा सोडवायचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जाहीर केलेल्या आराखड्यात मोनालिसाला स्वतंत्र दालन आणि त्याचं वेगळं तिकीट आहे. ते होईपर्यंत माझा सल्ला असा. लूव्रमध्ये निदान तीन तास आणि एखादा ठरावीक विभाग, इजिप्त म्हणा, मेसोपोटेमिया म्हणा किंवा इटालियन चित्रं म्हणा, पाहण्याची तयारी असेल तर ३२ युरो आनंदाने द्या आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. फक्त मोनालिसासाठी जात असाल तर जाऊ नका. २०२४ च्या दराने साडेचोवीस युरोंत ओरांजरीची सकाळ आणि ऑर्सेची गुरुवार संध्याकाळ होत होती. दर थोडे वाढले असले तरी निवड तीच करा, आणि वेळ आजच आरक्षित करा, कारण ओरांजरीच्या सकाळच्या वेळा लवकर भरतात.